आज्ञापालन आणि स्वातंत्र्य (ख्रिस्ती धर्मविचार)

देवाच्या आज्ञेत राहणारा माणूसच खऱ्या अर्थाने स्वतंत्र असतो, ही ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत धारणा आहे. प्रथमदर्शनी ती विसंगत वाटते. जो आज्ञा पाळतो तो स्वतंत्र कसा? यावर परंपरेचे म्हणणे असे, की कोणाच्याच अधीन नसलेला माणूस मुळात अस्तित्वातच नाही. वासना, भीती, पैसा, लोकांची मर्जी यांपैकी कोणाची ना कोणाची सत्ता त्याच्यावर चालतच असते. त्यामुळे धनी कोण, एवढाच प्रश्न उरतो; आणि ज्याने माणसाला घडवले त्याच्या अधीन झाल्याने माणूस स्वतःला गमावत नाही, असा हा विश्वास आहे. पाप आणि कृपा (देवाचे न कमावता मिळणारे साहाय्य) यांविषयीची शिकवण या धारणेच्या पाठीशी आहे. ती काढून घेतली, तर हाती फक्त शिस्तीचा उपदेश लागतो.

बायबलमधील आधार

या विचाराचे मूळ इस्राएल लोकांच्या मिसर देशातून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेत आहे. त्यांचा नेता मोशे तिथल्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहतो तेव्हा ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ एवढे सांगून थांबत नाही. त्यांनी देवाची सेवा करावी म्हणून त्यांना जाऊ दे, अशी ती मागणी आहे (निर्गम ७:१६). सुटलेले लोक पुढे सीनाय पर्वतापाशी येतात आणि तिथे त्यांना दहा आज्ञा मिळतात. दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा देव तो मीच, या आठवणीनेच त्या आज्ञा सुरू होतात. आधी सुटका, मग आज्ञा हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आज्ञा पाळल्याचे बक्षीस म्हणजे मुक्ती, असा समज ख्रिस्ती धर्माबाहेर आढळतोच, पण चर्चच्या बाकांवरही कमी आढळत नाही. १७६ वचनांच्या ११९व्या स्तोत्रात तर, तुझ्या विधींचा शोध घेतला म्हणून मी मोकळेपणाने वावरेन, असे भक्त सरळच म्हणतो.

निर्गमच्या २१व्या अध्यायातील एका कायद्याचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. इब्री (इस्राएली) दासाने सहा वर्षे चाकरी करावी आणि सातव्या वर्षी काही न देता मोकळे व्हावे. पण, धन्यावर व बायकामुलांवर माझे प्रेम आहे, मला सुटायचे नाही, असे तो म्हणाला, तर धन्याने त्याला दाराशी किंवा चौकटीशी उभे करून त्याचा कान अरीने टोचावा. मग तो कायमचा त्या घरचा दास. प्रवचनांत हा टोचलेला कान प्रेमाने पत्करलेल्या आज्ञापालनाची खूण म्हणून येतो. त्याच्या अलीकडचे वचन मात्र सहसा वाचले जात नाही: बायको धन्याने करून दिलेली असेल, तर ती आणि तिची मुले धन्याकडेच राहावीत. म्हणजे मोकळे होण्याची किंमत संसार ही होती. अशा निवडीला स्वेच्छा म्हणावे का, ही शंका रास्तच आहे.

नव्या करारात हा विषय योहानाच्या शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायात उघडपणे येतो. माझ्या वचनात राहाल तर तुम्हांला सत्य समजेल आणि सत्य तुम्हांला बंधमुक्त करील, असे येशू सांगतो. ऐकणारे दुखावतात, आम्ही अब्राहामाचे वंशज, कधीच कोणाचे दास नव्हतो, असे उत्तर देतात. रोमन सत्तेखाली राहणारी माणसे हे बोलत आहेत, हा त्यातला उपरोध. पाप करणारा प्रत्येक जण पापाचा दास आहे, असे येशू त्यावर म्हणतो आणि दास्याचा मुद्दा राज्यकर्त्यांकडून माणसाच्या आत वळवतो.

पौल या प्रेषिताने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ६व्या अध्यायात हाच धागा पुढे नेला आहे: तुम्ही पूर्वी पापाचे दास होता, आता नीतिमत्त्वाचे दास झाला आहात. पत्र वाचले जाई त्या मंडळीत खरोखरीचे गुलामही असणार. कदाचित म्हणूनच, तुमच्या दुर्बलतेमुळे मी माणसांच्या व्यवहाराची भाषा वापरतो आहे, अशी पुस्ती तो जोडतो. गलतीकरांस लिहिताना त्याचा रोख निराळा आहे. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी, हा आग्रह त्याला पुन्हा गुलामगिरीचे जू मानेवर घेण्यासारखा वाटतो. पण त्याच पत्रात, हे स्वातंत्र्य देहवासनांना सबब म्हणून वापरू नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा, असेही तो बजावतो. आज्ञापालन म्हणजे नियमांची यादी पुरी करणे, असा पौलाचा अर्थ काढता येत नाही. याकोबाच्या पत्रात ‘स्वातंत्र्याचे नियमशास्त्र’ असा शब्दप्रयोगच आहे.

ख्रिस्ताचे आज्ञापालन

या शिकवणीचा गाभा ख्रिस्ताच्या स्वतःच्या आज्ञापालनात आहे. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, तो दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो आणि लगेच, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणतो. ही एक ओळ पुढे मोठ्या वादाचा विषय झाली. ख्रिस्ताला केवळ एकच, दैवी इच्छा होती, असे मत ७व्या शतकात बायझंटाइन दरबाराने उचलून धरले. मॅक्सिमस या संन्याशाने त्याला विरोध केला. ख्रिस्ताला मानवी इच्छाच नसेल, तर गेथशेमानेत पित्याला होकार दिला कोणी, आणि मानवी इच्छेचा उद्धार तरी कसा झाला, असा त्याचा रोकडा सवाल होता. या हट्टापायी त्याची जीभ आणि उजवा हात कापण्यात आला. ६६२ मध्ये तो हद्दपारीत वारला. पुढे ६८०–६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या दोन इच्छा मान्य केल्या. त्याची मानवी इच्छा दैवी इच्छेला विरोध न करता तिला अनुसरते, असे तिने ठरवले. देवाची आज्ञा मानताना मानवी इच्छा पुसली जात नाही, या म्हणण्याला त्यामुळे सिद्धान्ताचे बळ मिळाले.

धर्मचिंतनातील विकास

पाश्चात्त्य परंपरेवर सर्वांत खोल ठसा ऑगस्टीनचा (३५४–४३०) आहे. त्याच्या मते पतनापूर्वी, म्हणजे आदामाने देवाची आज्ञा मोडण्यापूर्वी, माणसाला पाप न करणे शक्य होते. पतनानंतर, कृपेवाचून, पाप टाळणे अशक्य झाले. आणि स्वर्गात पाप करणेच अशक्य होईल. या शेवटच्या अवस्थेला तो सर्वांत मोठे स्वातंत्र्य म्हणतो. वाईट निवडण्याची क्षमता हा स्वातंत्र्याचा भाग नव्हे, असा याचा अर्थ. देव वाईट करू शकत नाही, म्हणून काही तो परतंत्र ठरत नाही. अँसेल्म या धर्मचिंतकाने ११व्या शतकात याच दिशेने स्वातंत्र्याची व्याख्या केली: इच्छेचा सरळपणा, केवळ त्या सरळपणासाठी, टिकवून धरण्याचे सामर्थ्य.

मठांमध्ये हा विचार रोजच्या दिनक्रमात उतरला. बेनेडिक्ट या संन्याशाने मठांसाठी लिहिलेल्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीतील ५वे प्रकरण आज्ञापालनावर आहे: आज्ञा कानी पडताच हातातले काम अर्धे टाकून उठावे. कॅसियन या लेखक-संन्याशाने त्याच्या आधीच इजिप्तमधील संन्याशांविषयी लिहिले आहे, की दारावर थाप पडली की नकलनवीस हातातले अक्षरही पुरे करत नसे. बेनेडिक्टचे ६८वे प्रकरण त्या मानाने मवाळ आहे. आवाक्याबाहेरचे काम सांगितले गेले तर संन्याशाने आपली अडचण योग्य वेळी, नम्रपणे मांडावी. तरीही वरिष्ठ ठाम राहिला, तर देवावर भरवसा ठेवून ते करावे.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिताना दोन विधाने शेजारी ठेवली: ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र स्वामी आहे, तो कोणाच्या अधीन नाही, आणि तो सर्वांचा सेवक आहे, प्रत्येकाच्या अधीन आहे. विश्वासाने तारण मिळालेच आहे, म्हणून सत्कृत्ये पदरी पुण्य जमवण्यासाठी करावी लागत नाहीत. ती शेजाऱ्यासाठी, मोकळ्या मनाने करता येतात. त्याच्यानंतरचा धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या मांडणीत, नियमाच्या जाचातून सुटलेली सदसद्विवेकबुद्धी आपणहून देवाची इच्छा पाळते. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात, देवाची सेवा हेच परिपूर्ण स्वातंत्र्य, हा आशय सकाळच्या प्रार्थनेतच आला.

विसाव्या शतकात सेर्वे पिंकेर्स या डॉमिनिकन धर्मशास्त्रज्ञाने पियानोचे उदाहरण दिले. न शिकलेला माणूस हव्या त्या पट्ट्या बडवू शकतो, पण संगीत निर्माण करण्याचे स्वातंत्र्य नियम पचवलेल्यालाच असते. उदाहरण चपखल आहे. मात्र कृपेचा भाग त्यात दिसत नाही, सराव तेवढा दिसतो.

आक्षेप आणि गैरवापर

तत्त्वज्ञ कांटच्या मते इच्छेने स्वतःच स्वतःला घालून दिलेला नियम पाळणे म्हणजे स्वातंत्र्य. बाहेरून आलेली आज्ञा, मग ती देवाची का असेना, नैतिकतेचा पाया होऊ शकत नाही. ख्रिस्ती विचारवंत यावर, निर्माता माणसाला ‘बाहेरचा’ नाहीच, असे उत्तर देतात. विचारवंत आयझाया बर्लिनने १९५८ च्या व्याख्यानात दाखवलेला धोका अधिक व्यवहारातला आहे. तुझे खरे हित मला कळते, असे म्हणणारा माणूस स्वातंत्र्याच्या नावाखालीच दुसऱ्यावर बळजबरी करू शकतो.

इतिहासात हे घडलेले आहे. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या निवडक बायबलमधून मिसरमधून झालेल्या सुटकेची कथा वगळली होती. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे, हे वचन मात्र ठेवले होते. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनाच्या पुरवणीत, गुलामांच्या मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीनअस्मानाचे अंतर असल्याचे लिहिले. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्याची आज्ञा यांतला फरक पुसला गेला, की ही शिकवण घातक होते. तो फरक राखणारे वचनही बायबलमध्येच आहे: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे पेत्र व प्रेषित न्यायसभेला सुनावतात (प्रेषितांची कृत्ये ५:२९). याच भूमिकेतून मे १९३४ मध्ये जर्मनीतील प्रोटेस्टंट मंडळींच्या प्रतिनिधींनी बार्मेन येथे, जगण्यात आणि मरणात ऐकायचे आणि मानायचे ते केवळ ख्रिस्ताचे, असे घोषित केले आणि नाझी सत्तेच्या चर्चवरील दाव्याला नकार दिला.

सक्तीच्या प्रश्नावर चर्चची भूमिका एकसारखी राहिलेली नाही. ऑगस्टीननेच चर्चपासून फुटलेल्या डोनॅटिस्ट पंथीयांना राजसत्तेच्या बळावर परत आणण्याचे समर्थन केले होते, तेही येशूच्या मेजवानीच्या दाखल्यातील, लोकांना आत येण्यास भाग पाड, या शब्दांच्या आधारे. रोमन कॅथलिक चर्चने ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात, विश्वास ही स्वभावतःच स्वेच्छेची कृती आहे आणि कोणावरही तिची सक्ती करता येणार नाही, असे नमूद केले.