नामांकित विद्यापीठ, सरकारी पगार आणि १२० हप्ते

अमेरिकेत १ जुलै २०२६ पासून पदव्युत्तर शिक्षणाला नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर ठरली आहे. पदवी 'व्यावसायिक' गणली गेली, तर वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. सार्वजनिक धोरण, सार्वजनिक आरोग्य किंवा समाजकार्य शिकून सरकारी वा सेवाभावी नोकरीत जाऊ पाहणाऱ्यांपुढे त्यामुळे जुनाच पेच पुन्हा उभा आहे: मोठ्या नावाचं महागडं विद्यापीठ घ्यावं, की आपल्या राज्यातलं परवडणारं? मधली जवळपास वीस वर्षं हा पेच सरकारनेच कागदोपत्री सोडवून टाकला होता.

शिक्षणाच्या कर्जाची सेवेशी सांगड घालण्याची कल्पना तशी जुनी. रशियाने सोडलेल्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या धसक्याने अमेरिकेत १९५८ मध्ये झालेल्या कायद्यात सरकारी शाळेत शिक्षक होणाऱ्याचं निम्म्यापर्यंत कर्ज माफ करण्याची सोय होती. १९७८ मध्ये एका नावाजलेल्या विधी महाविद्यालयाने कमी पगाराच्या नोकरीत जाणाऱ्या आपल्या पदवीधरांना हप्ते भरायला मदत सुरू केली आणि पुढे इतरांनीही तो कित्ता गिरवला. पण ही चैन तिजोरी भरलेल्या संस्थांनाच परवडणारी होती.

खरी कलाटणी मिळाली ती लागोपाठच्या दोन निर्णयांनी. जुलै २००६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना राहण्याखाण्यासकट शिक्षणाचा पूर्ण खर्च भागेल एवढं केंद्रीय कर्ज मिळू लागलं. त्यावर एकूण अशी कमाल मर्यादाच नव्हती. मग सप्टेंबर २००७ मध्ये कर्जमाफीचा कायदा आला. निवडणूक तोंडावर आली की आपल्याकडे होते तशी ही सरसकट माफी नव्हे. सरकारी किंवा करमुक्त सेवाभावी संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० हप्ते भरायचे, तेही उत्पन्नाच्या प्रमाणात, म्हणजे किमान दहा वर्षं. त्यानंतर उरलेलं मुद्दल आणि व्याज माफ, आणि त्या माफीवर केंद्राचा करही नाही.

या दोन निर्णयांची बेरीज केली की काय होतं ते पाहा. वर्षाला ५५,००० डॉलर पगारावर एकट्या माणसाचा उत्पन्नाधारित हप्ता एका प्रचलित सूत्रानुसार महिना सुमारे २६० डॉलर बसतो. दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम पगारातून वजा करायची आणि उरलेल्याचे दहा टक्के घ्यायचे, असं ते सूत्र. कर्ज ६०,००० असो की १,४०,०००, हप्ता तोच. सात टक्के व्याजाने दहा वर्षांत सरळ फेडायचं म्हटलं असतं, तर पहिल्याला महिना सुमारे ७०० आणि दुसऱ्याला १,६०० हून जास्त भरावे लागले असते. सारांश, सेवेत दहा वर्षं टिकणाऱ्याला नामांकित विद्यापीठाचे वरचे ८०,००० डॉलर फुकटात पडत होते. विद्यापीठांनाही हे गणित कळत होतंच. विद्यार्थ्याला फी टोचत नसेल, तर ती कमी ठेवण्याची घाई कुणाला असणार?

प्रत्यक्षात ते फुकट कितपत पडलं, हा भाग वेगळा. दहा वर्षं पुरी झालेले पहिले लोक ऑक्टोबर २०१७ मध्ये पात्र ठरू लागले. जून २०१८ पर्यंत सुमारे २८,००० जणांनी अर्ज केले, माफी मिळाली ९६ जणांना. कुणाचं कर्ज सरकारी हमीचं पण बँकेचं होतं, ते चालत नव्हतं. कुणी वर्षानुवर्षं चुकीच्या योजनेतून हप्ते भरले होते आणि ते मोजलेच गेले नाहीत. ऑक्टोबर २०२१ पासून वर्षभर नियम सैल केले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. जानेवारी २०२५ पर्यंत माफी मिळालेल्यांचा आकडा दहा लाखांवर गेला होता.

आता 'व्यावसायिक' पदवीची भानगड. सुरुवातीला सांगितलेल्या मर्यादा घालणाऱ्या नव्या कायद्याने स्वतःची व्याख्या केलीच नाही, जुन्या नियमावलीतली उचलली. त्या नियमावलीत वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक, औषधनिर्माण, कायदा यांच्यासोबत कायरोप्रॅक्टिक (मणक्यांवर हाताने करायचे उपचार) आणि धर्मशास्त्र अशी दहा नावं उदाहरणादाखल दिली आहेत आणि यादी एवढ्यापुरती मर्यादित नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम ठरवायला बसलेल्या समितीने मात्र ती जवळपास बंद यादी मानली. तिच्या मसुद्यात चिकित्सा मानसशास्त्राची भर पडली. परिचर्या, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य आणि सार्वजनिक धोरण बाहेर राहिले. ही फक्त कर्जाची वर्गवारी आहे, कुणाच्या पेशाचं मोल ठरवणं नव्हे, आणि परिचर्येच्या बहुतेक विद्यार्थ्यांचं कर्ज असंही मर्यादेच्या आतच असतं, हा सरकारचा खुलासा. शिवाय अमर्याद कर्जामुळे फी फुगली, हा मुद्दा आहेच आणि तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही. तरीही बड्या कंपन्यांची वकिली करायला निघालेल्याला दोन लाख आणि बालसंरक्षण विभागात काम करू पाहणाऱ्याला एक लाख, ही वाटणी गळी उतरत नाही.

माफीची योजना रद्द झालेली नाही, याचा हवाला बरेच जण देतात. पण मर्यादेवरची रक्कम खासगी सावकाराकडून घ्यावी लागेल आणि खासगी कर्जाला ही माफी लागूच नाही. वर्षाची फीच ६०-७० हजारांच्या घरात असलेल्या ठिकाणी नावासाठी मोजलेला वाढीव पैसा नेमका या न सुटणाऱ्या कर्जात जाऊन बसणार. त्यात ऑक्टोबर २०२५ च्या नियमाने एखाद्या संस्थेचा उद्देश 'बेकायदा' ठरवून तिच्या कर्मचाऱ्यांना पुढच्या माफीतून वगळण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आहे. म्हणजे दहा वर्षं टिकूनही खात्री नाही.

बदल्यात नाव काय देतं? केंद्रीय भरतीच्या सर्वसाधारण निकषांत पदव्युत्तर पदवीवर नववी वेतनश्रेणी मिळते, मग मान्यताप्राप्त विद्यापीठ कुठलंही असो. नावाचा उपयोग ओळखीपाळखी, शिष्यवृत्त्या आणि सरकारी नोकरीतल्या निवडक प्रवेशमार्गांसाठी. त्यातला पदव्युत्तर पदवीधरांसाठीचा १९७७ पासूनचा एक मोठा मार्ग फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत वाढलेल्या नागरिक मुलांना हे सगळं थेट लागू आहे. पुण्या-नागपूरहून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना मात्र ना हे केंद्रीय कर्ज मिळत होतं, ना माफी. घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचा पूर्ण हप्ता त्यांना तेव्हाही भरावा लागत होता, आताही लागेल, आणि अमेरिकी केंद्र सरकारच्या बहुतांश नोकऱ्या त्यांच्यासाठी खुल्याही नाहीत.