कुठल्या महामंडळात गेला होतास?

"दादा, महामंडळात जाऊन आलो, पण काम नाही झालं," असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, "कुठल्या? गोरेगावच्या की कोल्हापूरच्या?" समोरचा गोंधळतो. त्याच्या लेखी महामंडळ एकच असतं. नाशिकमध्ये शॉर्टफिल्म करणारी, नाटकातून मालिकांकडे वळणारी, शूटिंगला माणसं आणि जागा पुरवणारी पोरं आता पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांचे तरी हेलपाटे या एका शब्दापायी होतात. गेली काही वर्षं मी इथे चित्रीकरणाची स्थानिक व्यवस्था पाहतो. माझाही एक हेलपाटा असाच झालेला आहे. तो पुढे सांगतो.

आधी दोघांची पूर्ण नावं. पहिलं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ. दुसरं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. एवढी लांब नावं कोण घेणार? दोन्हीकडून 'चित्रपट महामंडळ' एवढंच उरतं आणि तिथेच गफलत सुरू होते.

पहिलं सरकारी आहे. राज्य शासनानं १९७७ मध्ये ही कंपनी काढली आणि मुंबईत गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीच्या शेजारी, चित्रनगरी उभी केली. ५०० एकरांहून मोठ्या त्या पसाऱ्याला २००१ पासून दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. महामंडळ सांस्कृतिक कार्य विभागाच्या अखत्यारीत येतं, कारभार पाहणारा व्यवस्थापकीय संचालक शासन नेमतं. दुसरं महामंडळ शासनानं काढलेलं नाही. ती मराठी चित्रपटातल्या माणसांची स्वतःची नोंदणीकृत संस्था आहे आणि तिचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात आहे. निर्माते, दिग्दर्शक, कलाकार, तंत्रज्ञ असे तिचे सभासद असतात, ते मतदान करतात आणि त्यातून संचालक निवडून येतात.

फरक लक्षात ठेवायला मी पोरांना एकच प्रश्न विचारायला सांगतो : इथे मला सभासद होता येतं का? कोल्हापूरच्या महामंडळात येतं. वर्गणी भरा, अटी पूर्ण करा, मतदान करा, सभेत उभं राहून हिशेब मागा. गोरेगावच्या महामंडळात सभासद व्हायची सोयच नाही. तिथे तुम्ही अर्जदार असता किंवा भाडेकरू. परवानगी मागता, फ्लोअर म्हणजे चित्रीकरणाचं दालन भाड्यानं घेता, अर्थसहाय्यासाठी चित्रपट सादर करता. कारभार पटला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो, आमदाराला गाठून विधिमंडळात प्रश्न विचारायला लावता येतो, पण मत देऊन तिथला संचालक बदलता येत नाही. कोल्हापूरच्या संस्थेत कारभारावरून वाद झाला तर तो सर्वसाधारण सभेत किंवा धर्मादाय आयुक्तांसमोर जातो.

आता माझा हेलपाटा. एका निर्मात्याच्या चित्रपटासाठी आम्ही त्र्यंबक रस्त्यावर आणि गंगापूर धरणाच्या बाजूला आठ दिवस व्यवस्था केली. जेवण, गाड्या, जनरेटर, गर्दीसाठी माणसं, सगळं आमच्याकडून. पॅकअप झालं, अर्धे पैसे आले, उरलेल्यांची वाट पाहत तीन महिने गेले. फोन उचलणं बंद झालं. तेव्हा कुणीतरी सल्ला दिला, "महामंडळात तक्रार कर." मी सकाळची पंचवटी पकडली, दादरला उतरून लोकलनं गोरेगावला गेलो आणि चित्रनगरीच्या कार्यालयात कागद पुढे केले. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे आमच्याकडे नाही येत. आम्ही जागा देतो, परवानगी देतो. निर्माता आणि तुमच्यातला व्यवहार तुमच्या संघटनेकडे न्या." ते खरंच होतं, आणि मला ते तिथे जाण्याआधी माहीत असायला हवं होतं. गर्दीत उभ्या राहिलेल्या बायकांना मी घरून पैसे दिले. त्यांना कुठलं महामंडळ कोणतं हे सांगून काय उपयोग होता?

थकलेल्या पैशांची तक्रार त्यामुळे सभासदांच्या संस्थेकडे न्यायची. निर्माता तिथला सभासद असेल तर संस्था त्याला बोलावून मध्यस्थी करू शकते. पण इथे आणखी एक पदर आहे. हिंदी चित्रपट आणि बऱ्याच मालिकांतले कामगार वेगवेगळ्या कामगार संघटनांमध्ये विभागलेले असतात. कॅमेरा, लाइट, मेकअप, वेशभूषा, प्रत्येकाची आपली संघटना, आणि त्यांची शिखर संस्था म्हणजे १९५६ पासूनची फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज. अभिनेत्यांची सिंटा वेगळी, ती १९५८ ची. निर्मात्यांची इम्पा तर १९३७ ची. ज्या कामाचे पैसे अडलेत त्या कामाची संघटना कुठली आणि निर्माता कुठे नोंदलेला आहे, हे कामाला हात घालण्याआधी विचारून ठेवावं. आणि लेखी करार घ्यावाच. सिने-कामगारांसाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यानं लेखी करार बंधनकारक केला होता, तो उगाच नाही. मालिकांमध्ये ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत रुळलेली आहे, त्यामुळे तीन महिने उलटेपर्यंत आपले पैसे बुडालेत की फक्त लांबलेत हेसुद्धा कळत नाही. माझं असंच झालं.

नाव नोंदणीबाबत उलटी चूक होते. मुलं चित्रपटाचं नाव 'शासनाकडे' नोंदवायला निघतात. मराठी चित्रपटाचं शीर्षक नोंदवण्याची रीत सभासदांच्या महामंडळाकडे आहे. निर्मात्यानं आपलं बॅनर, म्हणजे निर्मितीसंस्थेचं नाव, नोंदवायचं, मग नाव सुचवायचं. तेच नाव आधी कुणी घेतलेलं नसेल तर ते मिळतं. यामागे आपसातला शब्द आहे, की एकाच धंद्यातल्या दोघांनी एका नावाचे दोन चित्रपट आणून प्रेक्षकाला गोंधळात पाडायचं नाही. हा शब्द कायद्याच्या हक्काइतका भक्कम मात्र नाही. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि नाव नोंदवलं म्हणजे कथा सुरक्षित झाली असंही नाही. संहितेची नोंद लेखकांच्या संघटनेकडे, म्हणजे स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे करतात किंवा कॉपीराइट कार्यालयाकडे. यातली कुठलीच नोंद गोरेगावला होत नाही.

एक गोष्ट मला फार लागते. 'महामंडळाचं कार्ड काढून देतो, मालिकेत काम लावून देतो' असं सांगून उपनगरांतल्या, आसपासच्या तालुक्यांतल्या मुलामुलींकडून पैसे काढणारे दलाल मी पाहिले आहेत. कार्ड म्हणजे सभासदत्वाचा पुरावा. त्यानं मतदानाचा आणि तक्रारीचा हक्क मिळतो, काम मिळत नाही. कामासाठी ऑडिशन द्यावी लागते. ओळखपत्र हवंच असेल तर अर्ज थेट संस्थेकडे करावा, पैसे संस्थेकडे भरून पावती घ्यावी. आईनं गळ्यातलं विकून दिलेले पैसे एखाद्या हॉटेलच्या टेबलावर अनोळखी माणसाच्या हातात ठेवू नयेत.

परवानगीचं काम मात्र सरकारी बाजूचं. चित्रीकरणासाठी राज्य शासनानं एक खिडकी योजना आणली आहे आणि ती गोरेगावचं महामंडळ चालवतं. म्हणजे राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या दारी स्वतंत्रपणे जाण्याऐवजी एकाच ठिकाणी ऑनलाइन अर्ज. ऐकायला सोपं वाटतं, पण नाशिकमध्ये ही खिडकी सगळ्या जागांवर उघडत नाही. पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वराचं मंदिर ही केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत, तिथला शब्द भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. इगतपुरीच्या घाटातला बोगदा किंवा देवळालीचं स्टेशन हवं असेल तर रेल्वेकडे जावं लागतं. देवळालीत लष्कराची हद्द कुठे सुरू होते हे कॅमेरा लावण्याआधी विचारायचं, नंतर नाही. गोदाघाटावर महापालिका आणि पोलीस दोघंही लागतात, आणि रामकुंडाजवळ त्याहून आधी तिथल्या पुरोहितांशी आणि दुकानदारांशी बोलून घ्यावं लागतं. त्यांच्या विधीच्या वेळा सांभाळल्या नाहीत तर हातातला परवाना काही कामाचा नाही. अंजनेरीला वनविभाग. हे सगळं मी इतकं सविस्तर लिहितोय कारण बाहेरगावचा निर्माता पहिल्यांदा फोन करतो तेव्हा 'महामंडळाचा कागद आहे आमच्याकडे' म्हणतो, आणि तो कागद बहुतेक वेळा नाव नोंदणीचा असतो. म्हणजे कोल्हापूरचा. नाव नोंदवल्यानं घाटावर कॅमेरा लावता येत नाही.

अर्थसहाय्यसुद्धा सरकारी बाजूनंच मिळतं. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीच्या योजनेत समिती चित्रपट पाहून दर्जा ठरवते. बरीच वर्षं 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख रुपये अशी रचना राहिली आहे. अटी आणि रकमा शासन निर्णयानं बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू निर्णय वाचायचा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. हे पैसे पूर्ण झालेल्या, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाला मिळतात, आणि तेही दर्जा मिळाला तर. निफाडकडच्या एका ओळखीच्या माणसानं द्राक्षबागेवर कर्ज काढलं, 'अनुदान येणारच आहे' म्हणून. त्याला ते कुठल्या महामंडळाकडून येतं हेही ठाऊक नव्हतं. चित्रपट संकलनाच्या टेबलावरच अडकला, आणि अपुऱ्या चित्रपटाला समिती काय दर्जा देणार?

सेन्सॉर बोर्ड, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, या दोघांपेक्षा तिसरंच आणि केंद्राचं. 'मंडळ' शब्द त्यातही आहे, एवढाच संबंध.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट कोल्हापुरातच आहे. सभासदांच्या महामंडळाचं कार्यालय तिथे, आणि मोरेवाडीची कोल्हापूर चित्रनगरीही तिथेच. ती चित्रनगरी शासनाची. म्हणून 'कोल्हापूरला गेलो होतो' एवढंही पुरत नाही. कार्यालयात गेलो की चित्रनगरीत, हे सांगावं लागतं.

या शहरात बसून हे लिहिताना फाळक्यांचा विचार मनात येतोच. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस पहिल्या चित्रपटानंतर मुंबई सोडून नाशिकला आला, इथेच त्यानं चित्रपट उभे केले. १९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, भागीदारांशी बिनसलं, सगळं टाकून काशीला गेला आणि पुढे परत आला. त्या भांडणात हक्कानं मध्यस्थी करील अशी निर्मात्यांची संघटना त्याच्या पाठीशी नव्हती, आणि जागा किंवा पैसा देणारं शासकीय महामंडळ ही कल्पनाही नव्हती. आज दोन्ही आहेत. १६ फेब्रुवारी १९४४ ला तो याच गावात गेला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्याचं स्मारक आहे, आणि तिथून जाताना मला दर वेळी वाटतं की आपण निदान या संस्थांची नावं तरी नीट घ्यावीत.

इगतपुरी तालुक्यात मुंढेगावला चित्रनगरी व्हावी अशी मागणी बरीच वर्षं आहे. ती झाली तर जमीन, फ्लोअर आणि भाडं यांचे कागद सरकारी महामंडळाकडे जातील. तिथे स्थानिक तंत्रज्ञांना काम किती आणि कोणत्या दरानं, हे मात्र सभासदांच्या संस्थेतून आणि कामगार संघटनांमधून मागावं लागेल. त्यासाठी नाशिकची नावं त्यांच्या मतदार यादीत आधीच असायला हवीत. आत्ता ती किती आहेत, हे ज्यानं त्यानं आपल्या ग्रुपमध्ये विचारून पाहावं.