सावलीतील गवत (ऑप्लिस्मेनस)

गवत कुलातील (पोएसी) एक प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट. बेळगाव शहर, खानापूर तालुका आणि घाटाकडच्या गावांत पावसाळा सुरू झाला की आंबा-फणसाच्या बुडाशी, विहिरीच्या कठड्यालगत, दोन घरांमधल्या बोळात मऊ, रुंद पानांचे, जमिनीला धरून पसरणारे एक गवत आपोआप उगवते. ते बहुधा या प्रजातीतले असते. शोभेचे झाड म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. भांगलणीत ते उपटून टाकतात आणि त्याच जागी विकतचे लॉन अंथरतात. सावलीत ते लॉन विरळ होत जाते, मग पुन्हा नवे आणले जाते. खरे तर ज्या परसात दिवसाकाठी तासभरही थेट ऊन येत नाही, तिथे या फुकटच्या गवताइतके खात्रीचे दुसरे गवत मिळणे कठीण.

या भागात त्याच्या दोन जाती नेहमी दिसतात. ऑप्लिस्मेनस (पुढे ऑ.) कंपोझिटस ही बहुवर्षायू. तिची खोडे जमिनीवर लोळत जातात, पेरापेराला मुळ्या फुटतात आणि फक्त टोके वर उचललेली असतात. पाने भाल्याच्या आकाराची, साधारण ५ ते १० सेंमी लांब व १ ते २ सेंमी रुंद. पुष्कळदा त्यांवर आडव्या लाटा उमटलेल्या असतात आणि शोभा आहे ती त्या लाटांचीच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचे वर्णन पॅनिकम या प्रजातीत केले होते. १८१२ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पालिसो द बोव्हा यांनी ती सध्याच्या प्रजातीत आणली. दुसरी, ऑ. बर्मानी, वर्षायू, चणीने लहान आणि लवदार. ती पावसाबरोबर येते व हिवाळ्यात वाळून जाते. कायमचे आच्छादन हवे असेल तर पहिलीच लावावी.

सीमाभागात परस म्हटले की दुर्वा हव्यातच, निदान गणपतीपुरत्या. पण दाट सावलीत दुर्वा टिकत नाहीत, आणि त्यात लावणाऱ्याचा दोष नसतो. दुर्वा, ऊस, ज्वारी, मका ही सी-४ नावाच्या प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीने अन्न तयार करणारी गवते आहेत. या पद्धतीत ऊर्जा जास्त खर्च होते. कडक उन्हात आणि उष्णतेत तो खर्च भरून निघतो, सावलीत निघत नाही. ऑप्लिस्मेनसची पद्धत सी-३, म्हणजे त्या जादा खर्चाविना चालणारी आहे. शिवाय पाने पातळ, रुंद व आडवी पसरलेली असल्याने फांद्यांतून झिरपणारा थोडा उजेडही त्याला पुरतो. जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या गवताची ही ठेवण आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या बाजूला, जांबोटी-कणकुंबीच्या वाटांवर ते झाडीत सहज आढळते. अभयारण्यातून मात्र काडीही उपटून आणू नये. तशी गरजही नाही, कारण शहरातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात आणि रिकाम्या प्लॉटांच्या कडेला ते भरपूर असते.

लागवडीचे गणित तालुक्यागणिक बदलते. सुमारे ७५० मी. उंचीवरच्या बेळगाव शहरात वर्षाला १,२०० ते १,३०० मिमी पाऊस पडतो. कणकुंबीकडे तो कितीतरी अधिक, तर पूर्वेला अथणीत बेळगावच्या निम्म्याच्या आसपास. पश्चिमेकडच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत पाणी साचत नाही आणि हे गवत तिथे स्वतःहून पसरते. पूर्वेकडच्या काळ्या मातीत एक तर चिखल होतो नाही तर भेगा पडतात. तिथे ते कुंडीत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळून थोडा उंच केलेल्या वाफ्यातच लावावे. नीलगिरीखाली किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या जाड पाचोळ्यात कशाचाच जम बसत नाही; या गवताकडूनही तशी अपेक्षा ठेवू नये.

लावणी मिरगाचा पाऊस नीट लागल्यावर करावी. वळवाच्या एखाद्या सरीवर भुलून मे महिन्यात लावलेले तुकडे मधल्या उन्हात वाळतात. दोन-तीन पेरांचे तुकडे कापून, वीतभर अंतरावर आडवे ठेवून, निदान एक पेर मातीखाली जाईल असे दाबायचे. पागोळ्यांची धार पडते ती पट्टी सोडावी, कारण तिथली माती वाहून जाते आणि तुकडे उघडे पडतात. पाऊस नीट झाला तर गौरी-गणपतीच्या सुमारास जमीन झाकली जाते. खत जवळजवळ लागत नाही. युरिया टाकला तर गवत नुसते लांबट वाढून लोळते. मोठ्या झाडाखाली त्याची खरी स्पर्धा उजेडासाठी नसून ओलाव्यासाठी असते. आंब्याची वरवरची मुळे फेब्रुवारीपासून जमीन कोरडी करतात. आठवड्यातून दोनदा पाणी दिले तर उन्हाळ्यात गवत फिकट होऊनही जगते. पाणी बंद केले तर वरचे सगळे वाळते, आणि पुन्हा वळवावर कुठल्या पेराला कोंब फुटेल याचा भरवसा नसतो. फणसाची गळलेली जाड पाने अधूनमधून झाडून काढावीत, नाही तर त्यांच्याखाली गवत कुजते.

पायदळी तुडवणे त्याला सोसत नाही. धुण्याच्या दगडाकडे किंवा तुळशीकडे जाणारी रोजची वाट असेल, तर तिथे जांभ्याचे चिरे नाही तर शहाबादी फरशीचे तुकडे बसवावेत.

दुसरी अडचण बियांची. पावसाळा संपता संपता तुरे येतात. ऑ. कंपोझिटसच्या कणिशकांवरील (तुऱ्यातल्या बारीक कणसांवरील) कुसळे चिकट असतात. ती धोतराला, साडीच्या काठाला, कुत्र्या-मांजरांच्या केसांना चिकटून दूरवर जातात. शेजाऱ्यांशी वाद नको असेल तर तुरे बाहेर पडताच, बी तयार होण्याआधी, विळ्याने चार बोटे उंची ठेवून कापावे. कापलेले गवत शेळ्या आवडीने खातात. आखूड ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की, आत एखादे किरडू शिरलेच तर ते नजरेस पडते. ही भीती घरोघरी असते आणि ती अगदीच अनाठायी नाही. बियांचा प्रसार किती दूर जाऊ शकतो हे अमेरिकेत दिसले आहे. याच प्रजातीची ऑ. अंड्युलॅटिफोलियस ही जाती १९९६ मध्ये मेरीलँड राज्यातील एका राज्य उद्यानात प्रथम आढळली आणि आज तिथल्या जंगलांत ती उपद्रवी ठरली आहे. ऑ. कंपोझिटस इथले मूळचेच आहे, तेव्हा तो धोका इथे नाही. फक्त तण म्हणून ते वाफ्यात घुसते.

रोपवाटिकांत टांगत्या कुंड्यांसाठी पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांचे गवत मिळते, ते ऑ. हिर्टेलसचा एक प्रकार. दाट सावलीत त्याचे पट्टे फिके पडतात आणि मधूनच साधे हिरवे कोंब फुटतात. ते वेळीच काढले नाहीत तर सगळी कुंडी हिरवी होते. त्याची किंमत लक्षात घेता शोभा बेताचीच. ओलसर भिंत, आडाच्या पायऱ्या किंवा दगडी बांध असेल तर पोगोनॅथेरम हे बारीक पानांचे, बांबूच्या छोट्या झुडपासारखे दिसणारे देशी गवत लावून पाहावे. त्याचे सोनेरी तुरे लाटदार पानांपेक्षाही देखणे दिसतात, पण त्याला उजेड थोडा जास्त लागतो. ऑप्लिस्मेनसच्या जोडीला नेचे, रानहळद आणि पेव शोभतात, कारण तिन्ही उंच जातात आणि खालची जमीन मोकळी ठेवतात. संध्याकाळी परसात घुटमळणाऱ्या मेलॅनायटिस लेडा या तपकिरी फुलपाखराच्या अळ्या या गवतावरही वाढतात; पाने कडेने कुरतडलेली दिसली तर औषध फवारू नये, नव्या पावसात पाने पुन्हा येतात.