मेडिकल पास, पण शुगर किती?

वाशी किंवा ठाण्याच्या आरटीओत ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी (ट्रक-बससारखी धंद्याची गाडी चालवायला) डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो. दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हे त्यात पाहतात. रंगांधळेपणाची अट २०२० मध्ये सैल झाली. सौम्य आणि मध्यम चालतो, तीव्र नाही. ही तपासणी त्या दिवसापुरती. लायसन्स मात्र ५ वर्षांचं, धोकादायक मालाचं ३ वर्षांचं.

शिवाय नंबरप्लेट वाचताना कामाला येते ती समोरची नजर. काचबिंदू बहुधा आधी कडेची नजर खातो, तीही न दुखता. डॉक्टरांना म्हणावं, समोर मीटरभर अंतरावर बसून, एकेक डोळा झाकून बोटं कडेने आत आणून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

खरी फसवणूक शुगरची. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि न्हावा-शेवा बंदराच्या गेटवर कंटेनरच्या रांगेत जेवण लांबलं, तर शुगर ७० च्या (mg/dL) खाली जाऊ शकते. मधुमेहाच्याच मेटफॉर्मिन या नुसत्या गोळीवर असं क्वचितच होतं. आधी घाम, थरथर, धडधड. पण मेंदू ग्लुकोजवर चालतो, त्यामुळे पहिला बळी विचारशक्तीचा. ड्रायव्हरला वाटतं आपण ठीक आहोत. जुन्या मधुमेहात या खुणा बोथट होतात. त्यात बीपीसाठी मेटोप्रोलोल चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम तेवढा उरतो. केबिनच्या उकाड्यात त्या घामाकडे कोण बघतो!

ब्रिटनमध्ये इन्सुलिनवरच्या ट्रक-बस ड्रायव्हरांना निघण्याआधीच्या दोन तासांत आणि वाटेत दर दोन तासांनी शुगर मोजावी लागते. ९० किंवा त्याखाली दिसली तर आधी खायचं. आपल्याकडेही ग्लुकोमीटर डॅशबोर्डवरच्या उन्हात न ठेवता जेवणाच्या पिशवीत ठेवावा, कारण पट्ट्या उष्णतेने खराब होतात.

७० च्या खाली आकडा दिसला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, स्टिअरिंगमागून उठा. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. वडापाव नको, तेलामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा साखर. आकडा ठीक झाल्यावर मात्र काहीतरी पोटभरीचं खा. मेंदू आकड्यामागून सावरतो, म्हणून रांग पुढे सरकली तरी आणखी ४५ मिनिटं चावी फिरवायची नाही.