सिस्टिक फायब्रोसिस छातीचा आजार म्हणतात, पण सुरुवात पोटातून झाली

मुंबईत पोर सारखं खोकतंय, वजन धरत नाही म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात आधी टीबी येतो, सिस्टिक फायब्रोसिस (जन्मतःच असणारा आनुवंशिक आजार, यात अंगातले द्राव घट्ट चिकट होतात) कोणाच्या मनातही नसतं. आणि ज्यांना नाव माहितीये ते पण फुफ्फुसाचंच बोलतात. खरं तर हा आजार पहिल्यांदा पोटातच दिसला. १९०५ मध्ये कार्ल लँडस्टायनरने (हो, ब्लडग्रुपवाले तेच) नवजात बाळाचं आतडं घट्ट काळ्या शीने तुंबलेलं आणि सोबत स्वादुपिंड बिघडलेलं, असं लिहून ठेवलं होतं. पुढे १९३८ ला न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी पोस्टमॉर्टेम तपासून हा वेगळा आजार आहे हे दाखवलं, तोवर यातली बरीच मुलं सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनने होणारा आतड्याचा आजार) म्हणूनच धरली जायची.

एक्सरेची गोष्ट १९४६ ची. बोस्टनचे एक्सरेतज्ज्ञ न्यूहाउझर यांनी या बाळांच्या एक्सरेतली खूण सांगितली. चिकट शीत हवेचे बुडबुडे अडकतात त्यामुळे उजवीकडे खालच्या पोटात साबणाच्या फेसासारखं दिसतं, आणि पुढचं मोठं आतडं कधी वापरलंच न गेल्याने अगदी बारीक राहिलेलं असतं. मग १९६९ ला मेलबर्नच्या हेलन नोब्लेट यांनी गॅस्ट्रोग्राफिनचा एनिमा दिला, म्हणजे एक्सरेत दिसायला वापरतात तेच औषध, ते आतड्यात पाणी ओढून घेतं, शी सैल होते आणि काही बाळांचं ऑपरेशनच टळतं. मला तर या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

सोनोग्राफी आल्यावर बाकीचं पण दिसायला लागलं, चरबी भरलेलं पांढरं स्वादुपिंड, एवढुसं पित्ताशय, खडबडीत लिव्हर, वाढलेली प्लीहा. अपेंडिक्स मात्र फसवतं बरं का, आत म्युकस (चिकट द्राव) साठल्याने ६ मिमीच्या वर जाडं दिसतं पण बहुतेक वेळा सूज नसते, आणि दुखणं बऱ्याचदा असतं शेजारी छोट्या आतड्याच्या टोकाला शी अडकल्याचं. १९९४ मध्ये लिव्हरपूलला ५ मुलांचं मोठं आतडं अरुंद झालेलं सापडलं, पचनासाठीच्या जास्त पॉवरच्या एन्झाइम कॅप्सूल घेणारी मुलं होती ती, तेव्हापासून डोसवर मर्यादा आली.

फोटोवरून पक्कं निदान होत नाही, फक्त शंका येते. पक्क्या निदानासाठी घामाची टेस्ट, १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी बसवलेली, घामात क्लोराइड (मिठातला घटक) लिटरमागे ६० मिलिमोल किंवा वर आलं की मग पुढे जीनची तपासणी.