माहितीशास्त्राचे भारतीय घराणे

दरवर्षी १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत वाचले जातात. ज्या कामामुळे माहितीशास्त्रात, म्हणजे माहिती लावून ठेवण्याच्या आणि शोधण्याच्या शास्त्रात, भारताचे वेगळे घराणे उभे राहिले, त्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. म्हणूनच माहितीशास्त्र म्हणजे संगणक आणि तो अमेरिकेतून आला, हा समज पक्का होतो.

हे शास्त्र सगळीकडे एकसारखे वाढलेच नाही. सोव्हिएत संघात मिखाइलोव आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये वैज्ञानिक माहितीचा अभ्यास ‘इन्फर्मातिका’ या नावाने मांडला. इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्डला माहिती शोधण्याच्या पद्धती मोजून तपासल्या गेल्या. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांना पडलेला प्रश्न होता: विषय घडतो कशापासून?

अमेरिकन ग्रंथपाल ड्युई यांच्या, पुस्तके विषयवार लावण्याच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत बहुतांश विषयांची यादी आधीच तयार असते. आता वैद्यक घ्या. समजा ५० अवयव, ४० रोग आणि ३० उपचार आहेत. प्रत्येक जुळणीला आधीच क्रमांक द्यायचा तर ६०,००० नोंदी लागतील. रंगनाथन यांच्या १९३३ च्या कोलन वर्गीकरणामागचा विचार असा, की पैलूंचे, म्हणजे अवयव, रोग, उपचार अशा विषयाच्या अंगांचे, तक्ते वेगवेगळे ठेवावेत, म्हणजे नोंदी फक्त १२०, आणि पुस्तक हाती आल्यावर क्रमांक जुळवावा. त्यात २० देश मिळवले तर यादी १२ लाखांवर जाते, तक्त्यांतल्या नोंदी मात्र १४० होतात!

पण जुळवायचे कोणत्या क्रमाने? कपाटात पुस्तकाला जागा एकच. इथे रंगनाथन यांचे भिंत-चित्र तत्त्व कामाला येते. भिंत नसेल तर चित्र टांगणार कुठे? तसेच अवयवाशिवाय रोग नाही, रोगाशिवाय उपचार नाही. म्हणून आधी फुप्फुस, मग क्षय, मग क्ष-किरणोपचार, शेवटी देश आणि काळ. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल या पाच मूलभूत पदांचा क्रमही मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारा आहे.

खरेदीच्या संकेतस्थळावर रंग, माप, किंमत निवडतो तेव्हा हेच पैलू वापरतो. पण म्हणून ‘ऑनलाइन खरेदी भारताचीच देणगी’ असले संदेश पुढे ढकलू नयेत. कोलन (:) या चिन्हाने दोन विषय जोडण्याची सोय ब्रसेल्सच्या सार्वत्रिक दशांश वर्गीकरणात रंगनाथन यांच्याआधीच होती. त्यांनी तिच्यामागे सिद्धांत उभा केला, आणि मोठेपण त्यातच आहे.

लंडनच्या वर्गीकरण संशोधन गटाने १९५५ मध्ये पैलू-वर्गीकरण हाच माहितीशोधाचा पाया असावा, अशी भूमिका घेतली. १९६२ मध्ये बंगळुरूला रंगनाथन यांचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषयक्रमांक, उलट्या क्रमाने उलगडून विषयसूची बनवण्याची त्यांची साखळी पद्धत तर ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने १९५० पासून सुमारे दोन दशके वापरली.