तीन ग्लास, त्यातले दोन सारखे

माझ्या आवडीच्या दोन व्हिस्कींमधला फरक मला डोळे मिटून ओळखता येतो, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत असे. मग एकदा परीक्षा घेतली. समोर तीन ग्लास. दोघांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. सहापैकी पाच वेळा उत्तर बरोबर आलं. नुसत्या अंदाजाने एवढं जमण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, त्यामुळे मान ताठ झाली आणि आठवडाभर तशीच राहिली. नंतर बाटल्या पुसून ठेवताना लेबलावरच्या बारीक अक्षरांकडे लक्ष गेलं. एकीत ४६ टक्के अल्कोहोल, दुसरीत ४०. पहिलीच्या ३० मिलीत साडेचार मिली पाणी घालून तिलाही ४०वर आणलं आणि तीच परीक्षा पुन्हा दिली. सहापैकी दोन! चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी सरासरीने तेवढेच आले असते.

इतकी वर्षं मी ओळखत होतो ते सहा टक्के अल्कोहोल.

या परीक्षेला त्रिकोण चाचणी म्हणतात. बिअर आणि मद्य बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत ती १९४०च्या दशकात रुळली आणि अन्नउद्योगात अजूनही रोज वापरली जाते. मला तिची आवडणारी गोष्ट म्हणजे ‘चांगली कोणती?’ हा प्रश्न ती विचारतच नाही. आधी फरक कळतोय का ते ठरवा, मग भांडा. दोन पेयं तीन ग्लासांत मांडायच्या सहाच तऱ्हा होतात आणि फाशालाही बाजू सहाच. ओतणाऱ्याने फासा टाकून तऱ्हा ठरवायची, तोवर चाखणाऱ्याने खोलीबाहेर थांबायचं. प्रत्येक ग्लासात पाच मिली पुरे, आणि एका संध्याकाळी दोनच फेऱ्या. सहाही फेऱ्या एका बैठकीत उरकल्या तर ९० मिली पोटात जाते, आणि शेवटी शेवटी चाखणारा फार आत्मविश्वासाने चुकतो.

अल्कोहोल एवढा गोंधळ घालतं, कारण जिभेवर त्याची नुसती चव लागत नाही, ते भाजतंही. हे भाजणं खोटं असतं. तोंडातल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारी एक प्रकारची प्रथिनं असतात. मिरची तिखट लागते ती याच प्रथिनांमुळे. एरवी ती साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे चेतवली जातात. अल्कोहोलच्या सान्निध्यात ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास खाली येते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आपल्या तोंडाचं तापमानच त्याहून जास्त असतं. म्हणजे काहीही गरम नसताना मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो, आणि अल्कोहोल जितकं जास्त तितका तो निरोप मोठ्या आवाजात जातो. तेवढ्या आरड्याओरड्यात लवंगेचा किंवा व्हॅनिलाचा बारीक आवाज कुठून ऐकू यायचा?

पाण्याचं काम एवढ्यावर संपत नाही. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातले ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी पाणी, इथेनॉल आणि ग्वायाकोल यांच्या मिश्रणाचं संगणकावर अनुकरण केलं. ग्वायाकोल म्हणजे धुरकट व्हिस्कीला तिचा धूर देणारा एक रेणू. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना हे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या वाटेवर, गोळा झालेले दिसले. ५९ टक्क्यांच्या वर गेल्यावर इथेनॉलने त्यांना वेढलं आणि ते आत बुडाले. खऱ्या व्हिस्कीत अशी शेकडो संयुगं असतात, त्यामुळे एका रेणूवरून सगळ्यांची गत ठरवू नये. पण पिंपातून थेट बाटलीत भरलेली, ६०च्या घरातली व्हिस्की ‘नीट’च, म्हणजे पाणी न घालता, प्यायची असा हट्ट धरणारे तिचा बराच वास ग्लासातच ठेवून उठतात, असं आता मी बिनदिक्कत म्हणतो. तुलना करायची तर जास्त कडक बाटलीला पाणी घालून दुसरीच्या पातळीवर आणायचं. त्यासाठी सुई नसलेली, मिलीच्या खुणांची सिरिंज हाताशी ठेवावी. चमच्याने अंदाज चुकतो.

डोळेही फसवतात. फ्रान्समधल्या बोर्दो इथे ५४ चाखणाऱ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तो प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरमेल घालायला कायद्याने परवानगी आहे, तेव्हा गडद रंग म्हणजे जास्त वर्षं पिंपात, हा हिशेब सोडून द्यावा आणि चाचणीला अपारदर्शक कप घ्यावेत. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या धारांवरून दर्जा ओळखणाऱ्यांना मात्र काय सांगावं? अल्कोहोल पाण्याआधी उडतं, कडेला पातळ थरातलं पाण्याचं प्रमाण वाढतं, तिथला पृष्ठताण वाढून तो खालचा द्रव वर ओढतो आणि साठलेलं थेंब होऊन घसरतं. जेम्स थॉमसन यांनी १८५५ सालीच ते उलगडून सांगितलं होतं.

रमकडे वळलं की आणखी एक लबाडी पुढे येते, साखर. रम उसापासून होते म्हणून गोड असणार, असं वाटतं. पण ऊर्ध्वपातनात साखर वाफेबरोबर वर येत नाही, ती मागेच राहते. भट्टीतून निघालेली रम व्हिस्कीइतकीच कोरडी असते. गोडवा असेल तर तो नंतर घातलेला. युरोपीय संघाच्या नियमांत रमला लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत गोडी चालते, व्हिस्कीला अजिबात नाही. साखरेने दाह दबतो, घोट दाट लागतो आणि आपण ‘काय मुलायम आहे!’ म्हणतो.

हे घरी पकडता येतं. बशीत १० मिली रम घालून दोन दिवस उघडी ठेवा, अर्थात आगीपासून दूर. २० ग्रॅमवाली असेल तर तळाशी ०.२ ग्रॅम साखरेचा चिकट पापुद्रा उरतो आणि बोटाला लागतो. अल्कोहोल मोजायचा हायड्रोमीटर असेल तर आणखी मजा. साखरेने घनता वाढते, त्यामुळे लेबलावर ४० टक्के असलेली अशी रम मीटरवर साधारण ३५ दाखवते. मी मग उलटा प्रयोग केला. एका कोरड्या रमच्या ३० मिलीत ०.६ ग्रॅम साखर विरघळवली आणि तिची मूळ रमशी त्रिकोण चाचणी लावली. सहापैकी सहा. शिवाय वाईट वाटलं ते याचं, की साखरवालीच जास्त आवडली होती.

रमची खरी श्रीमंती साखरेत नसून एस्टरमध्ये आहे. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर होतात आणि फळांचे बरेच वास त्यांचेच असतात. आयसोअमाईल ॲसिटेटला केळ्याचा, एथिल ब्युटिरेटला अननसाचा. जमैकातल्या काही भट्ट्यांत मळी दीर्घकाळ आंबवतात आणि तीत आधीच्या ऊर्ध्वपातनातून उरलेलं आंबट पाणी घालतात. त्याला तिथे ‘डंडर’ म्हणतात. त्यात जिवाणू माजतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार करतात. या आम्लाला खवट लोण्याचा, खरं सांगायचं तर ओकारीचा वास असतो. तेच इथेनॉलशी जोडलं गेलं की अननस! जमैकात एस्टरची कमाल मर्यादा शुद्ध अल्कोहोलच्या १०० लिटरमागे १६०० ग्रॅम आहे, आणि तिच्या जवळपास जाणाऱ्या रमचा एक थेंब बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. म्हणून अशी रम आणि धुरकट व्हिस्की रांगेत शेवटी ठेवायची. नाक एकाच वासाला लवकर सरावतं. मधूनमधून स्वतःची बाही हुंगली की ते ताळ्यावर येतं.

जुनी रम आणि बर्बन ही अमेरिकन व्हिस्की मात्र डोळे झाकल्यावर कधी कधी बहिणी वाटतात, आणि त्याला कारण कायदा आहे. अमेरिकेत बर्बनला नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला चालत नाही, ते स्कॉटलंडला किंवा कॅरिबियन बेटांवर जातं. ओकमधल्या लिग्निन या लाकडाच्या घटकापासून आलेलं, व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन आणि नारळासारखा वास देणारं ओक लॅक्टोन त्या लाकडात तोवर शिल्लक असतं, तेच पुढे रममध्ये उतरतं.

आता पहिल्या त्या दोन व्हिस्की. त्यांचे रिकामे ग्लास एका रात्री चुकून तसेच राहिले. सकाळी सहज हुंगले, तर एकाला नारळाचा हलका वास, दुसऱ्याला सुकलेल्या फळांचा. इथेनॉल रात्रीतून उडून गेलं होतं आणि सावकाश उडणारे जड रेणू काचेवर बसून होते. तेव्हापासून सहा रात्री तीन-तीन ग्लास न धुता ठेवून सकाळी नुसत्या वासावर त्रिकोण चाचणी घेतली. सहापैकी चार. नशिबाने एवढं किंवा याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता दहा टक्के निघते, म्हणजे छाती ठोकायला पुरेसं नाही. आणखी सहा रात्री ग्लासांना कुणी हात लावायचा नाही, असं घरात जाहीर केलं आहे.